बर्नहॅम बीचेस : तोडून टिकवलेले जंगल

भारतातून आलेल्या पाहुण्यांना लंडन दाखवून झाले, विंडसरचा किल्ला दाखवून झाला, की स्लाउ आणि आसपास राहणाऱ्या आम्हा मंडळींना प्रश्न पडतो की आता यांना कुठे न्यायचे. या प्रश्नाला माझ्याकडे गेली काही वर्षे एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे बकिंगहॅमशायरमधील बर्नहॅम बीचेस हे पानझडी जंगल. मी तेथे चारही ऋतूंत जाऊन आले आहे, एकटी गेले आहे, मुलांच्या गोंगाटात गेले आहे. तरीही त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले ते गेल्या नोव्हेंबरात सासू-सासऱ्यांबरोबर तेथे घालवलेल्या एका गुरुवारमुळे. इतकी वर्षे मी तेथे जाऊन नुसते रंग पाहून परत येत होते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

प्रथम नावाचा खुलासा करते, कारण त्यावरून आमच्या घरी गोंधळ झाला होता. येथील ‘बीच’ म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, तर युरोपात बऱ्याच भागांत आढळणारा, गुळगुळीत करड्या सालीचा एक मोठा वृक्ष. सासूबाईंनी आदल्या रात्री पिशवीत टॉवेल आणि साडीचा जादा जोड भरून ठेवला होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जन्म काढलेल्या बाईला या थंडीत समुद्र दाखवायला का नेतात, हा प्रश्न त्यांनी सौजन्यापोटी विचारला नव्हता. झाडे बघायला जायचे आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. झाडे तर घरीही आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते अगदी रास्त होते.

हे जंगल लंडनच्या पश्चिमेला साधारण २५ मैलांवर, फार्नहॅम कॉमन या गावाला लागून आहे. स्लाउहून गाडीने पंधरा-वीस मिनिटे लागतात. बीकन्सफील्डच्या रस्त्यावरून बीचेस रोडला वळले की थेट मुख्य वाहनतळापाशी पोहोचता येते. रेल्वेने येणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. एलिझाबेथ लाइनवर बर्नहॅम नावाचे स्थानक आहे खरे, पण ते बर्नहॅम गावाचे आहे. जंगल तेथून जवळजवळ तीन मैल दूर आहे. नाव पाहून तेथे उतरलेल्यांना तासभर डांबरी रस्त्याने चालावे लागते. त्यापेक्षा स्लाउला उतरून टॅक्सी किंवा बस करावी. आत जायला तिकीट नाही. गाडी उभी करण्याचे मात्र पैसे पडतात. वाहनतळाजवळ स्वच्छतागृहे आहेत, माहितीचा कक्ष आहे आणि चहा-नाश्त्याची सोयही आहे. अंधार पडताना फाटक बंद होते, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळी वेळेसाठी घड्याळे तासभर मागे गेली की दुपारच्या जेवणानंतर निघण्याची आपली पद्धत येथे चालत नाही. नोव्हेंबरात चार-साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडांखाली तर त्याआधीच अंधारून येते.

जंगलाचे क्षेत्र सुमारे २२० हेक्टर आहे आणि ते लंडनच्या जुन्या शहराचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या मालकीचे आहे. शहरापासून इतक्या दूरचे रान एका महापालिकेच्या ताब्यात कसे, याचे मला पूर्वी नवल वाटे. १८७८ साली झालेल्या एका कायद्याने या संस्थेला शहरापासून २५ मैलांच्या आतील मोकळ्या जागा लोकांसाठी विकत घेण्याचा अधिकार मिळाला होता. पुढच्याच वर्षी ही जमीन उत्तम निवासस्थाने बांधण्यायोग्य अशा वर्णनाने विक्रीला निघाली. ती बंगल्यांखाली जाऊ नये म्हणून खटपट झाली, सर हेन्री पीक या खासदाराने सगळी जमीन घेतली, त्यातील जंगलाचा भाग कॉर्पोरेशनला विकला, आणि १८८० साली हे रान सर्वांना खुले राहील अशी व्यवस्था झाली. मुंबई महापालिकेने कर्जतकडचे एखादे रान विकत घेऊन जवळजवळ दीडशे वर्षे राखावे, तसाच हा प्रकार झाला. आतल्या एका रस्त्याला आजही सर हेन्री पीक यांचे नाव आहे. १९९३ पासून हे जंगल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रही आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र ते लोकांना बंद होते, आणि या झाडांच्या आडोशाला लष्करी वाहनांचा तळ होता.

आता रंगांविषयी लिहिते, कारण बहुतेक लोक त्यासाठीच येतात आणि त्यांचे काही चुकत नाही. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचे पहिले आठ-दहा दिवस हा येथील भर असतो. बीचची पाने एकदम रंग बदलत नाहीत. आधी कडा पिवळ्या होतात, शिरांलगतचा भाग काही दिवस हिरवाच राहतो, मग सगळे पान पितळेसारखे होते, आणि गळायच्या सुमारास त्याला जुन्या तांब्याच्या हंड्याचा रंग येतो. एकाच फांदीवर या चारही अवस्था दिसतात. नोव्हेंबरात येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फार वर चढत नाही, त्यामुळे उजेड वरून न पडता बुंध्यांच्या मधून आडवा येतो आणि जमिनीवरची पाने व झाडावरची पाने एकाच उजेडाने पेटतात. त्या दिवशी बारा वाजता आम्ही जंगलातल्या हॅल्स ड्राइव्ह या रस्त्यावर उभे होतो आणि आमच्या सावल्या संध्याकाळसारख्या लांब पडल्या होत्या. सासूबाईंचा झाडांविषयीचा आक्षेप तेथे मागे पडला. त्यांनी एक पान उचलले, बोटांत फिरवले आणि त्याची कड पाहून म्हणाल्या, ‘‘इस्त्री केल्यासारखे आहे.’’ बीचच्या पानाच्या शिरा अगदी समांतर, एकीपासून दुसरी सारख्याच अंतरावर असतात. मी ते पान शेकडो वेळा पाहिले असेल, पण कपड्यांच्या घड्यांशी त्याचे असलेले साम्य मला कधी दिसले नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला येथे एक गंमत सांगितली पाहिजे. सह्याद्रीतील पानझडी रानही पाने टाकते, पण ते थंडी सरल्यावर, जमिनीतले पाणी आटू लागते तेव्हा. पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ती सोडून देते, आणि पळस, पांगारा उघड्या फांद्यांवरच फुलतात. इंग्लंडमध्ये पाणी वर्षभर पडतच असते. येथे उणीव असते ती उजेडाची आणि उबेची. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातील हरितद्रव्य मोडून त्यातले कामाचे घटक आत ओढून घेते, मग एरवी हिरव्याखाली दडलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात, आणि देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटते. म्हणजे आपले झाड उन्हाळ्याच्या तोंडावर कपडे उतरवते आणि येथले हिवाळ्याच्या तोंडावर. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे उलटे वाटले नाही. त्यांचे म्हणणे असे की ज्या दिवसांत मिळकत नाही त्या दिवसांत नोकर कमी करावेत, एवढेच दोन्हीकडे चालले आहे.

आप्पा संगमेश्वर तालुक्यातले शेतकरी आहेत. मुलाकडे दोन महिने राहायला आलेले हे गृहस्थ येथे फारसे काही विचारत नाहीत. वस्तुसंग्रहालयात ते बाकावर बसून राहिले होते. या जंगलात शिरल्यावर दहाव्या मिनिटाला ते एका बुंध्यापाशी थांबले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. झाड ओकचे होते, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, खोड आखूड आणि बेढब जाड. साधारण दोन पुरुष उंचीवर त्याला एक मोठी गाठाळ मूठ आली होती आणि त्या मुठीतून सात-आठ फांद्या सरळ वर गेल्या होत्या. आप्पा म्हणाले, ‘‘हे कवळ तोडलेले झाड आहे.’’ मी म्हटले, आप्पा, येथे कोण कवळ तोडणार? त्यांनी मुठीकडे बोट दाखवून एकेका फांदीच्या बुडाशी असलेल्या जुन्या, सालीने झाकल्या गेलेल्या घावांच्या खुणा मला दाखवल्या. ‘‘एकदा नाही, पुष्कळदा तोडले आहे. मग सोडून दिले. पुष्कळ वर्षे झाली सोडून.’’

ज्यांना कोकणची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतील ऐन, किंजळ या झाडांच्या फांद्या दरवर्षी उन्हाळ्याआधी कोयत्याने उतरवतात. त्यांना कवळ म्हणतात. त्यांचे भारे डोक्यावरून आणून भाताच्या रोपांच्या जागेवर पसरतात, वर शेण, गवत आणि माती घालून ती भाजावळ पेटवतात, आणि त्या राखेत पुढे रोपे तरारतात. झाड मुळापासून तोडत नाहीत. शेंड्याला झुपका ठेवतात. त्यामुळे ही झाडे वर्षानुवर्षे खांबासारखी उभी असतात आणि त्यांच्या अंगावर गाठी येतात.

बर्नहॅम बीचेसमध्ये शतकानुशतके जवळजवळ हेच चालत होते. हे रान आसपासच्या गावकऱ्यांचे चराऊ रान होते. गाईगुरे, तट्टे खाली चरत, डुकरे शरद ऋतूत बीचच्या तिकोनी बिया आणि ओकची फळे खात. झाड बुडाशी तोडले असते तर नवे कोंब गुरांनी खाऊन टाकले असते, म्हणून ते गुरांचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर तोडत. काही वर्षांनी तेथून फुटलेल्या फांद्या मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या झाल्या की पुन्हा उतरवत आणि जळणाला नेत. फरक एवढाच की आपल्याकडे हे दरवर्षी आणि राखेसाठी होते, येथे बऱ्याच वर्षांच्या अंतराने आणि चुलीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी कोळसा स्वस्त झाला, जळणाची गरज सरली आणि कुऱ्हाड थांबली. आप्पांनी बुंधा पाहून जे सांगितले ते माहितीफलकावर नेमके तसेच लिहिलेले होते, पण तो फलक आमच्या वाटेत अर्ध्या तासाने आला.

माझ्या मते हे जंगल पाहण्याची खरी गोष्ट हीच आहे, आणि रंग पाहून परतणाऱ्या बहुतेकांची ती हुकते. तोडल्यामुळे ही झाडे मेली नाहीत, उलट जगली. साधा बीच दोन-तीनशे वर्षांत संपतो. येथील तोडलेल्या बीचपैकी कित्येक त्याच्या पुढे गेले आहेत, कारण वरचा पसारा लहान राहिल्याने वाऱ्याचा जोर बसत नव्हता आणि खोडाला मोठा भार पेलावा लागत नव्हता. असे शेकडो जुने बीच आणि ओक आजही तेथे उभे आहेत. तोडणे थांबले तेव्हापासून त्यांचे हाल सुरू झाले. फांद्यांची खोडे झाली, खालचे मूळ खोड आतून पोकळ होत गेले, आणि पोकळ नळीवर चार-पाच मोठी झाडे उभी केल्यासारखी त्यांची अवस्था झाली. वादळात ती उभी चिरतात. एक असे झाड आम्ही पाहिले, की ज्याचा अर्धा बुंधा जमिनीवर उताणा पडला होता आणि उरलेल्या अर्ध्याला, ज्यात माझ्या हाताच्या जाडीएवढेही लाकूड नव्हते, तांबूस पाने भरभरून होती. आप्पांनी त्या पोकळीत हात घालून आतला भुसा बाहेर काढला. तो चहाच्या चोथ्यासारखा काळसर आणि हलका होता. त्या भुशावर जगणारे किडे आणि बुरशी हेच या जंगलाला निसर्ग अभ्यासकांत मान मिळण्याचे मोठे कारण आहे. बुंध्याच्या ज्या खळग्यांत पावसाचे पाणी साठते, तेथे उगवणारे एक शेवाळ तर इंग्लंडमध्ये मोजक्याच जागी उरले आहे.

देखभालीला मी पैकीच्या पैकी गुण देते. जुनी झाडे वाचवायची तर पुन्हा तोडायला हवीत, हे कळल्यावर गेल्या काही दशकांत ते काम परत सुरू झाले आहे. पण बीचचे जुने लाकूड सहजी फुटत नाही, एकदम छाटले तर झाडच मरते. म्हणून फांद्या टप्प्याटप्प्याने, मधे वर्षे जाऊ देऊन कमी केल्या जातात. जुन्या झाडाभोवती दाटलेली बर्च आणि हॉलीची झाडे काढून त्याला उजेड दिला जातो. तरुण झाडांनाही आता डोक्याच्या उंचीवर तोडून नवी पिढी तयार केली जाते. हे कळले नाही तर एखादा पाहुणा छाटलेले रोप पाहून नासधूस झाली असे समजेल, आणि मीही तसेच समजले होते. गुरेही परत आणली आहेत. त्यांच्या गळ्यात पट्टा असतो. हद्दीजवळ गेले की तो आधी आवाज करतो, तरी पुढे गेले तर हलका झटका देतो, त्यामुळे कोठे कुंपण दिसत नाही. आप्पांनी या पट्ट्याची किंमत विचारली. ती मला सांगता आली नाही, पण आमच्या गावी भातात शिरणाऱ्या कोणाकोणाच्या म्हशींना तो बांधावा, याची यादी मला ऐकावी लागली.

ड्रुइड्स ओक हे येथील सर्वांत नावाजलेले झाड आठशे वर्षांहून जुने मानले जाते. म्हणजे ते रोप असताना देवगिरीवर यादवांचे राज्य होते. त्याच्याभोवती कठडा आहे, कारण माणसांच्या पायांनी माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. छायाचित्रात ते फार भव्य दिसत नाही, आणि प्रत्यक्षातही उंचीने नव्हे तर बसकट घेराने ते छाप पाडते, बसलेल्या बैलासारखे. मुलांना झाडांच्या पोकळीत शिरून बसायचे असते, पण येथे ते करू देऊ नये.

तळी मधल्या सखल भागात आहेत आणि तेथपर्यंतचा उतार सोपा आहे. बदके पाहण्यात अर्धा तास सहज जातो. त्याहून मला दलदलीचा भाग आवडतो, जेथे लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून जाता येते. या पठाराची जमीन वाळू आणि गोट्यांची, आंबट आणि कसदार नसलेली आहे, आणि सखल जागी पाणी साचून तिची दलदल झाली आहे. उन्हाळ्यात गुडघे टेकून पाहिले तर दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती दिसते. कासच्या पठारावर जिला आपण पाहतो तिचीच ही बहीण. नोव्हेंबरात तेथे पाहण्यासारखे काही नव्हते, पण आमच्या उजवीकडच्या झुडपांतून एक कोरडे, तुटक भुंकणे ऐकू आले. सासूबाई कुत्रा समजून माझ्या मागे सरल्या, आणि आप्पा म्हणाले, ‘‘भेकर.’’ ते खरेच भेकर होते; आपले नव्हे, चीनमधून शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका उद्यानात आणलेल्या आणि तेथून निसटून देशभर पसरलेल्या लहान जातीचे. दिसले मात्र नाही. आप्पांना ते दिसण्याची गरजही वाटली नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसानंतर मुख्य रस्ते सोडून कोठेही चिखल असतो आणि तो गळलेल्या पानांखाली दिसत नाही. सासूबाई मोज्यांवर चपला घालून आल्या होत्या. मी आग्रह करायला हवा होता. वयस्करांना किंवा बाबागाडी, चाकाची खुर्ची असलेल्यांना लॉर्ड मेयर्स ड्राइव्हच्या बाजूचे रस्ते उत्तम, कारण ते पक्के आहेत आणि आतील बरेच रस्ते आता गाड्यांना बंद आहेत. दुसरे असे की हे जंगल शांत आहे असे मी म्हणणार नाही. हीथ्रोची विमाने डोक्यावरून जातात, आणि रविवारी वाहनतळावर जागा मिळेपर्यंत चकरा माराव्या लागतात. कुत्र्यांना भिणाऱ्यांनी फलक नीट वाचावेत. काही भागात कुत्रा दोरीला बांधूनच न्यावा लागतो, काही भागात तो मोकळा सोडलेला असतो. पहिल्या भागात राहावे. वाटा सारख्या दिसतात, आणि पानांनी झाकल्यावर तर वाट आणि रान यांत फरकच राहत नाही. आम्ही फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून तळ्याच्या पलीकडे भलतीकडेच गेलो, आणि एका कुत्रेवाल्या बाईंनी आम्हाला पाव मैल सोबत चालून रस्त्याला लावून दिले. सासूबाई त्या कुत्र्यापासून सहा हात अंतर राखून त्यांचे आभार मानत होत्या. कागदी नकाशा घ्यावा.

खाण्याचे म्हणाल तर आपला डबा आपण न्यावा. बाक भरपूर आहेत, बसून खायला कोणी हरकत घेत नाही. शेगडी किंवा शेकोटी मात्र पेटवता येत नाही, त्यामुळे वनभोजनाला जागेवर कांदाभजी तळण्याचे बेत करू नयेत. अळंबी तोडायलाही मनाई आहे, आणि ती मनाई पाळावी. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेले सुंदर कुत्र्याचे छत्र बर्चखाली दिसते, ते विषारी असते. आम्ही भेळ नेली होती. एका बीचखाली बसून ती कालवत असताना वाऱ्याची झुळूक आली, पाने भेळेत पडली, आणि सासूबाईंनी ती एकेक वेचून बाजूला पदरावर रचून ठेवली.

परतीचा प्रसंग त्रासाचा होता, पण त्याचा दोष जंगलाकडे जात नाही. त्या दिवशी आमची गाडी दुरुस्तीला गेलेली असल्याने आम्ही टॅक्सीने आलो होतो. परतीची ठरवलेली टॅक्सी कंपनीने ऐन वेळी रद्द केली, दुसरी यायला पन्नास मिनिटे लागली, आणि तोवर फाटक बंद होण्याची वेळ आल्याने आम्हाला बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही त्यांनी परतीचे वाहन साडेतीनलाच बोलवावे आणि फार्नहॅम कॉमनच्या मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावे. तेथे निदान दुकाने आहेत, उजेड आहे.

ऋतू निवडायचा झाला तर माझी पहिली पसंती नोव्हेंबरच, पण एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा अगदी थोडक्याने मागे आहे. तेव्हा बीचची कोवळी पाने इतकी पातळ असतात की उजेड त्यांतून आरपार जातो, आणि त्यांच्या कडेला रेशमासारखी बारीक लव असते. निळ्या फुलांचे गालिचे पाहायचे असतील तर मात्र येथे येऊ नये. त्यासाठी त्याच दिवसांत हर्टफर्डशायरमधील अ‍ॅश्रिज गाठावे. जुलै-ऑगस्टमध्ये येथे दाट सावलीपलीकडे फार काही नाही. जानेवारीत मी गेले आहे, तेव्हा फांद्यांची रचना सर्वांत स्पष्ट दिसते आणि तोडलेले झाड कोणते, न तोडलेले कोणते, हे लहान मूलही सांगू शकते. बीचची लहान झाडे आणि खालच्या फांद्या वाळलेली पाने हिवाळाभर धरून ठेवतात, त्यामुळे उघड्या रानातही मधेमधे तपकिरी झुबके खुळखुळत राहतात.

ज्यांना डोंगर, धबधबा किंवा उंचावरचा देखावा हवा आहे, त्यांची येथे निराशा होईल. जंगल बहुतांशी सपाट आहे, दोन तासांत एक फेरी होते, आणि नुसते चालले तर झाडांमागून झाडे येतात. एखाद्या झाडापाशी पाच मिनिटे थांबण्याची तयारी असेल तर मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा विमानांनी आणि रविवारच्या गर्दीने घालवला आहे. बरोबर गावाकडचे कोणी वडीलधारे असतील तर त्यांना आवर्जून न्यावे, आणि त्यांना काय दाखवायचे ते आपण ठरवू नये.

टॅक्सीची वाट पाहत असताना आप्पांनी त्या पहिल्या ओकचे छायाचित्र गावी आपल्या धाकट्या भावाला पाठवले, खाली काही न लिहिता. गावी तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते, तरी दोन मिनिटांत उत्तर आले. काकांनी विचारले होते की हा ऐन कोणाच्या वरकसातला, आणि इतकी वर्षे तोडला का नाही.